कॉम, डीकॉम, कोर्बा, आरएमआय, रिमोटिंग: जुन्या प्रणालीसाठी तुलना आणि निवड कशी करावी

विदर्भात तालुक्याच्या गावी चालणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, बाजार समितीच्या काट्यावर आणि पतसंस्थांच्या काउंटरवर व्हिज्युअल बेसिक ६, डेल्फी किंवा जुन्या जावामध्ये लिहिलेल्या प्रणाली अजून रोजचे काम ओढताना दिसतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ची ३२ बिटी आवृत्ती मुळात निघालेलीच नाही. त्यामुळे जुना संगणक बदलला की वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेला घटक एकाएकी बंद पडतो. अशा वेळी मालक विचारतो की सगळे नव्याने लिहावे लागेल का, आणि गावातला किंवा अमरावती-नागपुरातून काम पाहणारा डेव्हलपर तंत्रज्ञानांच्या नावांत अडकतो. ही मार्गदर्शिका त्या डेव्हलपरसाठी आहे. तिचा आग्रह एकच आहे: एकाच संगणकातला घटक आणि तारेपलीकडचा घटक यांचा निवाडा वेगवेगळा करावा. कॉम (एका प्रोग्रॅमने दुसरा तयार घटक वापरण्याची विंडोजची पद्धत) संगणकाच्या आत आजही भक्कम आहे. जीर्ण झाले आहे ते त्याचे नेटवर्कवरून चालणारे रूप, म्हणजे डीकॉम. कोर्बा, आरएमआय आणि रिमोटिंग ही दूरच्या घटकाला असाच कॉल करणारी इतर तंत्रज्ञाने आहेत.

आधी काय आहे ते शोधावे

तुलनेला बसण्याआधी प्रणालीत प्रत्यक्ष काय वापरले आहे, याची नोंद करावी. व्हिज्युअल बेसिक ६ च्या प्रकल्पात व्हीबीपी ही फाइल साध्या मजकुराची असते; तिच्यातील ‘रेफरन्स’ आणि ‘ऑब्जेक्ट’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे त्या प्रणालीने बाहेरून घेतलेल्या घटकांची यादी होय. त्यानंतर सोर्समध्ये ‘क्रिएटऑब्जेक्ट’ शोधावे. या फंक्शनला एकच पॅरामीटर दिला असेल तर घटक बहुधा त्याच संगणकावर आहे, पण दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सर्व्हरचे नाव दिलेले असेल तर तो डीकॉमचा कॉल आहे. सोर्स उपलब्ध नसेल, आणि बऱ्याच ठिकाणी तो मूळ लिहिणाऱ्याबरोबरच गेलेला असतो, तर विंडोजची सेटिंग्ज साठवणारी रजिस्ट्री पाहावी. घटकाच्या क्लासआयडीखाली (ओळखक्रमांकाखाली) ‘इनप्रॉकसर्व्हर३२’ असेल तर तो वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्याच प्रोसेसमध्ये (म्हणजे त्याच्याच चालू कामात) चढणारा डीएलएल आहे, ‘लोकलसर्व्हर३२’ असेल तर वेगळा चालणारा ईएक्सई आहे, आणि ॲपआयडीखाली (घटक कोठे व कसा चालवायचा याच्या नोंदीखाली) ‘रिमोटसर्व्हरनेम’ नोंदवलेले असेल तर सोर्समध्ये सर्व्हरचे नाव नसतानाही कॉल दुसऱ्या संगणकावर जात असतो. ही शेवटची शक्यता सहज नजरेतून सुटते, म्हणून ती मुद्दाम तपासावी.

जावाच्या प्रणालीत ‘जावा.आरएमआय’ हे पॅकेज आणि १०९९ हा आरएमआयच्या स्वतःच्या रजिस्ट्रीचा (विंडोजची नव्हे) ठरीव पोर्ट शोधावा, ‘ओआरजी.ओएमजी’ने सुरू होणारी पॅकेजे दिसली तर तेथे कोर्बा आहे. डॉट नेटच्या जुन्या प्रणालीत ‘सिस्टिम.रनटाइम.रिमोटिंग’ आणि ‘मार्शलबायरेफऑब्जेक्ट’ या नावांवरून रिमोटिंग ओळखता येते.

हाती आलेल्या प्रत्येक घटकापुढे तीनपैकी एक शेरा लिहावा: त्याच प्रोसेसमधला, त्याच संगणकावरच्या दुसऱ्या प्रोसेसमधला, किंवा दुसऱ्या संगणकावरचा. हा शेरा तंत्रज्ञानाच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण वेळेच्या खर्चाची पायरी येथे ठरते. त्याच प्रोसेसमधला कॉमचा कॉल हा जवळजवळ साधा फंक्शन कॉल असतो, प्रोसेस ओलांडली की तो मायक्रोसेकंदांत जातो, आणि नेटवर्क ओलांडले की मिलिसेकंदांत. एखादा फॉर्म शेतकऱ्याच्या नोंदीतील ४० रकाने एकेक करून दूरच्या ऑब्जेक्टकडून वाचत असेल आणि एका फेरीला ६० मिलिसेकंद लागत असतील, तर तो फॉर्म उघडायला २.४ सेकंद जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फेरी १५० मिलिसेकंदांची झाली की तेच ६ सेकंद होतात. कोड बदललेला नसतो, बदललेली असते ती मधली लाईन.

कॉम: काय टिकते आणि कोठे अडते

मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये आणलेल्या कॉमचा गाभा लहान आहे. प्रत्येक ऑब्जेक्ट ‘आयअननोन’ हा इंटरफेस, म्हणजे मेथडचा ठरलेला संच, देतो. त्यातील ‘क्वेरीइंटरफेस’ने दुसरा इंटरफेस मागता येतो, तर ‘ॲडरेफ’ आणि ‘रिलीज’ने ऑब्जेक्ट किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी ठेवली जाते. इंटरफेसची ओळख जीयूआयडी या १२८ बिटी एकमेव ओळखक्रमांकाने होते, आणि एकदा प्रसिद्ध केलेला इंटरफेस कधीही बदलायचा नाही, नवा करायचा, असा नियम आहे. हा नियम ज्यांनी पाळला त्यांचे घटक तीस वर्षांनंतरही चालतात. व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘बायनरी कंपॅटिबिलिटी’चा पर्याय न लावता घटक पुन्हा कंपाइल केला की नवे जीयूआयडी तयार होतात आणि जुने ईएक्सई त्याला ओळखेनासे होतात, ‘क्लास नोंदलेला नाही’ हा ८००४०१५४ क्रमांकाचा दोष पुष्कळदा येथून येतो.

त्याच क्रमांकाचे दुसरे कारण बिटांचे आहे. ३२ बिटी डीएलएल ६४ बिटी प्रोसेसमध्ये चढत नाही. ६४ बिटी विंडोजवर ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात ६४ बिटी फाइली असतात आणि ‘सिसवाऊ६४’ मध्ये ३२ बिटी. नावांवरून उलटेच वाटते, म्हणून ३२ बिटी डीएलएल नोंदवताना ‘सिसवाऊ६४’ मधले ‘रेगएसव्हीआर३२’ चालवावे. वापरणारा प्रोग्रॅम ३२ बिटीच ठेवता येत असेल तर तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइली जेट ४.० प्रोव्हायडरमधून वाचणाऱ्या प्रणालीला तर हाच मार्ग आधी सुचवावा, कारण त्या प्रोव्हायडरची ६४ बिटी आवृत्ती नाही. प्रोग्रॅम ६४ बिटी करणे भागच असेल तर ॲपआयडीखाली ‘डीएलएलसरोगेट’ ही रिकामी नोंद करून डीएलएल वेगळ्या ३२ बिटी प्रोसेसमध्ये चालवता येते. मात्र मग कॉल प्रोसेस ओलांडतो आणि वर सांगितलेली पायरी बदलते.

डीकॉम: जे तारेवर आहे ते उतरवावे

डीकॉम १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० बरोबर आला आणि ऑब्जेक्ट कोठे आहे याची प्रोग्रॅमला फिकीर नको, अशी त्याची कल्पना होती. विदर्भाच्या ग्रामीण भागातील जोडणीपुढे ही कल्पना टिकत नाही. त्याची कारणे नीट समजून घ्यावीत, कारण मालकाला पटवताना तीच सांगावी लागतात.

पहिले कारण पोर्टचे. डीकॉम १३५ या पोर्टवर ओळख करून घेतो आणि प्रत्यक्ष कामासाठी कोठला तरी बदलता पोर्ट निवडतो. विंडोज व्हिस्टापासून ही कक्षा ४९१५२ ते ६५५३५ अशी आहे. कंपोनेंट सर्व्हिसेसमधून ती अरुंद करता येते, पण तरीही ती कक्षा फायरवॉलमधून उघडी ठेवावीच लागते. दुसरे कारण पत्त्याचे. सर्व्हर ऑब्जेक्टचा संदर्भ पाठवतो तेव्हा त्यात स्वतःचा पत्ता लिहून देतो. मोबाइल कंपनीच्या सिमवर चालणाऱ्या राउटरमागचा संगणक सहसा खासगी पत्त्यावर असतो, म्हणून खरेदी केंद्रावरच्या क्लायंटला मिळालेला पत्ता त्याच्या उपयोगाचा नसतो. व्हीपीएनने, म्हणजे दोन ठिकाणे खासगी नेटवर्कने जोडून, हे दोन्ही अडथळे पार होतात, आणि तातडीची सोय म्हणून तो उपाय रास्तच आहे.

तिसरे कारण व्हीपीएननेही जात नाही. क्लायंट जिवंत आहे की नाही हे कळावे म्हणून डीकॉम दर २ मिनिटांनी संदेश पाठवतो आणि असे ३ संदेश चुकले की सर्व्हर त्या क्लायंटचे संदर्भ सोडतो. म्हणजे दूरच्या केंद्रावर लाईन गेली आणि त्या क्षणी सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टने एखाद्या सौदापट्टीची नोंद लॉक करून ठेवलेली असेल, तर ती ६ मिनिटांपर्यंत तशीच अडकून राहू शकते. हर्रास चालू असताना, बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना, ही ६ मिनिटे फार मोठी असतात. ज्या शेतकऱ्याची गाडी काट्यावर उभी आहे त्याला यातले काही माहीत नसते; त्याचा वेळ मात्र जातो.

याखेरीज सुरक्षिततेचे बंधन आले आहे. सीव्हीई-२०२१-२६४१४ या क्रमांकाच्या सुरक्षादोषानंतर मायक्रोसॉफ्टने डीकॉमची ओळखतपासणी टप्प्याटप्प्याने कडक केली: जून २०२१ मध्ये ती ऐच्छिक होती, जून २०२२ मध्ये आपोआप लागू झाली, आणि मार्च २०२३ पासून ती बंद करण्याची सोयच राहिली नाही. विंडोज अपडेटनंतर डीकॉमची प्रणाली एकाएकी ‘प्रवेश नाकारला’ म्हणत ८००७०००५ देऊ लागली, तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६, १००३७ आणि १००३८ या क्रमांकांच्या नोंदी पाहाव्यात. पहिली सर्व्हरच्या बाजूची आणि उरलेल्या दोन क्लायंटच्या बाजूच्या असतात. सूतगिरणीत किंवा वीज प्रकल्पात यंत्रांचे आकडे ओपीसी या जुन्या मानकातून वाचले जात असतील तर तेथेही हीच तपासणी लागू होते, कारण जुनी ओपीसी डीकॉमवरच उभी आहे. तिचा वारस असलेली ओपीसी यूए डीकॉमवर अवलंबून नाही आणि तिचा ठरीव टीसीपी पोर्ट ४८४० आहे.

इतर तंत्रज्ञाने याच कसोट्यांवर

जावा आरएमआय १९९७ मध्ये जेडीके १.१ बरोबर आले. दोन्ही टोकांना जावाच असेल तर ते लिहायला फार सोपे आहे आणि म्हणूनच अनेकांनी ते घेतले. पत्त्याची अडचण मात्र येथेही तीच आहे: स्टबमध्ये, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टच्या क्लायंटकडील प्रतिनिधीत, सर्व्हरचा पत्ता बसलेला असतो, आणि तो चुकीचा जात असेल तर ‘जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम’ ही प्रॉपर्टी ठरवून द्यावी लागते. दूरच्या संदर्भाचा भाडेपट्टा (नूतनीकरण न झाल्यास संदर्भ सोडण्याची मुदत) मुळात १० मिनिटांचा असतो, म्हणजे तुटलेल्या क्लायंटची खबर डीकॉमपेक्षाही उशिरा लागू शकते. आरएमआयचा खरा धोका जावाच्या सिरियलायझेशनमध्ये आहे. बाहेरून आलेल्या बाइट्समधून ऑब्जेक्ट उभे करताना हल्लेखोराला वाट मिळू शकते. जेडीके ९ पासून त्यासाठी गाळणी लावता येते आणि ती लावल्याशिवाय आरएमआयचा पोर्ट कार्यालयाबाहेर उघडू नये. आरएमआयचा गाभा अजून जावात आहे, पण ‘ॲक्टिव्हेशन’ हा गरज पडताच ऑब्जेक्ट सुरू करणारा भाग जेडीके १७ मध्ये काढण्यात आला. प्रणाली त्यावर अवलंबून असेल तर जावा अद्ययावत करण्याआधी तो बदलावा.

कोर्बा ग्रामीण भागात क्वचितच भेटेल, म्हणून त्यावर थोडक्यात. ओएमजी या संस्थेने १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती दिली, आणि १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतील आयआयओपी या प्रोटोकॉलमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची अंमलबजावणी एकमेकींशी बोलू लागली. भाषानिरपेक्ष करार ही त्याची मोठी देणगी आहे. मला त्याची आणखी एक गोष्ट मनापासून आवडते: कॉल फसला की कोर्बाचा सिस्टिम दोष सांगतो की काम झाले, झाले नाही, की झाले असेलही आणि नसेलही. ही तिसरी शक्यता इतक्या स्पष्टपणे मांडणारी तंत्रज्ञाने थोडी आहेत, आणि पुढे पावत्यांचा विचार करताना तीच कामी येते. जावा ११ मधून कोर्बा काढले गेले आहे, तेव्हा अशी प्रणाली जावा ८ वर ठेवावी किंवा स्वतंत्र ओआरबी (कोर्बाचे कॉल पोचवणारा भाग) जोडावा.

डॉट नेट रिमोटिंग २००२ मध्ये आले आणि डॉट नेट कोअरमध्ये त्याला जागा मिळाली नाही. त्याच्या बायनरी वाहिनीमागील ‘बायनरीफॉरमॅटर’ असुरक्षित ठरला आणि डॉट नेट ९ मधून त्याची अंमलबजावणी काढली गेली. या यादीत ज्याची गय करू नये असे हे एकच तंत्रज्ञान आहे. ते आढळले तर बदलीची तारीख ठरवावी. २००६ च्या डब्ल्यूसीएफ या डॉट नेटमधील सेवा-तंत्राची गोष्ट वेगळी आहे. तेथे करार कोडपासून वेगळा असतो, म्हणून ‘कोअरडब्ल्यूसीएफ’ या प्रकल्पाच्या मदतीने त्याच्या बऱ्याच सेवा नव्या डॉट नेटवर नेता येतात. सोप हा एक्सएमएलवर चालणारा प्रोटोकॉल जड वाटला तरी डब्ल्यूएसडीएल या सेवेच्या वर्णनाच्या फाइलमधून करार स्पष्ट मिळतो, आणि चालत असलेली सोपची सेवा केवळ जुनी दिसते म्हणून मोडू नये. एचटीटीपीएसवरून जेसन (साध्या मजकुरातील माहिती) हा आमच्याकडच्या परिस्थितीत सर्वांत सोयीचा मार्ग आहे: एकच पोर्ट, कॉल आतून बाहेर जाणारा, आणि व्हिज्युअल बेसिक ६ सुद्धा ‘विनएचटीटीपी’च्या कॉम घटकातून तो करू शकते. विंडोज ७ वर मात्र त्यासाठी टीएलएस १.२ चे अपडेट आणि रजिस्ट्रीतील नोंद लागते. दूरचे कॉल करण्यासाठी गुगलने २०१५ मध्ये खुले केलेले जीआरपीसी वेगवान आहे, पण त्याला एचटीटीपी/२ लागते. जुन्या क्लायंटसाठी ते घेऊ नये, नव्या सेवांच्या आपापसातील बोलण्यासाठी जरूर घ्यावे.

वेष्टण कसे घालावे

काट्याच्या हिशेबाचा कॉम घटक चांगला चालत असेल तर तो पुन्हा लिहू नये. त्याच्याच संगणकावर एक छोटी डॉट नेट सेवा उभी करावी, ती ३२ बिटीच बांधावी, तिने घटकाला स्थानिक कॉल करावा आणि बाहेर एचटीटीपीएसने बोलावे. यामुळे डीकॉम तारेवरून उतरतो आणि अनुभवाने घासून पक्का झालेला हिशेब जागच्या जागी राहतो.

हे करताना थ्रेडकडे लक्ष द्यावे. व्हिज्युअल बेसिक ६ चे ऑब्जेक्ट एसटीए पद्धतीचे, म्हणजे एकाच थ्रेडवर चालणारे असतात, तर वेब सेवेचे थ्रेड एमटीए पद्धतीचे, म्हणजे अनेक एकत्र चालणारे. म्हणून एक स्वतंत्र एसटीए थ्रेड तयार करून त्याला संदेशांची फेरी चालवू द्यावी आणि सगळे कॉल रांगेने त्याच्याकडे पाठवावेत. घटक कोठे संदेशपेटी दाखवत असेल तर विंडोज सेवेत ती कोणालाच दिसत नाही आणि कॉल तेथेच थांबून राहतो. सोर्स असेल तर प्रकल्पातील ‘अनअटेंडेड एक्झिक्युशन’ हा पर्याय लावून घटक पुन्हा बांधावा, म्हणजे संदेश लॉगमध्ये जातात.

सेवेचे कॉल घटकाच्या मेथडप्रमाणे ठेवू नयेत. ‘गाडी क्रमांक दे’, ‘भरलेले वजन दे’, ‘रिकामे वजन दे’ असे तीन कॉल दूरवरून करण्याऐवजी ‘ही काटा पावती नोंदव’ असा एकच कॉल असावा, आणि त्यात सगळी माहिती एकत्र जावी. दोन कॉलच्या मधल्या काळात सर्व्हरने क्लायंटसाठी काहीही धरून ठेवू नये.

आता कोर्बाच्या त्या तिसऱ्या शक्यतेकडे यावे. पावती पाठवली, लाईन गेली, उत्तर आले नाही. नोंद झाली की नाही हे केंद्रावरच्या माणसाला कळू शकत नाही. त्याने पुन्हा बटण दाबले तर शेतकऱ्याच्या नावावर तीच गाडी दोनदा चढते, नाही दाबले तर कदाचित एकदाही चढत नाही. यावर उपाय असा: पावती तयार होताच क्लायंटने तिला एक जीयूआयडी द्यावा, पावती आधी स्थानिक डेटाबेसमध्ये लिहावी आणि मगच पाठवावी. सर्व्हरच्या टेबलात त्या जीयूआयडीवर युनिक इंडेक्स असावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे. मग क्लायंटने लाईन येईपर्यंत कितीही वेळा पाठवले तरी चालते, आणि दिवसभर नेटवर्क नसले तरी काटा थांबत नाही. माझ्या मते या साऱ्या बदलातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे; कोठलेही तंत्रज्ञान ते आपोआप करून देत नाही.

सीमेवर तीन प्रकारच्या माहितीची काळजी घ्यावी. व्हिज्युअल बेसिकचा ‘करन्सी’ हा प्रकार चार दशांश स्थळे अचूक ठेवतो, पण जेसनमधील संख्या पलीकडे बहुधा फ्लोटिंग पॉइंट म्हणून वाचली जाते. म्हणून रक्कम मजकूर म्हणून किंवा पैशांतील पूर्णांक म्हणून पाठवावी. तारीख जुन्या घटकात ३० डिसेंबर १८९९ पासूनच्या दिवसांची संख्या असते, ती वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरात बदलावी. नावांचे काम सर्वांत किचकट आहे. त्या काळी व्हिज्युअल बेसिकचे कंट्रोल देवनागरी युनिकोड दाखवू शकत नसत, त्यामुळे शेतकऱ्यांची आणि गावांची नावे कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत साठवलेली असतात. कोणता फॉन्ट वापरला आहे हे निश्चित करून रूपांतर एकाच जागी, वेष्टणाच्या सेवेत करावे, आणि जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी यांची पडताळणी खऱ्या नावांवर माणसाने बसून करावी. आपले नाव पावतीवर नीट उमटावे, ही शेतकऱ्याची अपेक्षा साधी आणि रास्त आहे.

बदलासाठी कापसाची आवक ओसरल्यानंतरचा उन्हाळा निवडावा. दिवाळीनंतर, आवक भरात असताना, या प्रणालीला हात लावू नये. काही आठवडे जुना आणि नवा असे दोन्ही मार्ग सोबत चालवावेत, रोज संध्याकाळी दोन्हीकडील पावत्यांची संख्या, एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम जुळवावी, आणि फरक आला तर त्या एकेका पावतीपर्यंत जावे. मध्ये वायर मुद्दाम काढून, राउटर बंद करून आणि सर्व्हरची वीज तोडून पाहावे. आकडे सलग जुळू लागले की रजिस्ट्रीतील ‘रिमोटसर्व्हरनेम’ची नोंद काढावी, बाहेरच्या फायरवॉलवर १३५ आणि त्यासाठी उघडलेली पोर्टची कक्षा बंद करावी, आणि कोणता घटक कोठे, किती बिटी व कोणत्या जीयूआयडीने नोंदलेला आहे याचा एक छापील कागद सर्व्हरच्या कपाटात ठेवावा.